माझ्या अँबॅसेडरची जुनी मालकीण

मंडळी, आत्ताच दातिवऱ्याहून परतलोय. अंग आंबलंय, पण हे सांगितल्याशिवाय झोप येणार नाही.

माझ्या जुन्या अँबॅसेडरचे आधीचे मालक मी बरेच महिने शोधतोय. बोईसरच्या एका मेकॅनिकने सांगितलं, ऐंशीच्या दशकात ती दातिवऱ्यातल्या एका कोळी कुटुंबाकडे होती. आज मोठ्या हौसेने तीच गाडी त्यांच्या दारात नेऊन उभी केली.

घरातल्या आजी बाहेर आल्या. गाडी बघितली आणि तशाच आत गेल्या.

त्यांची सून हळूच म्हणाली, "सासऱ्यांच्या छातीत दुखत होतं. पालघरला नेताना हीच गाडी वाटेत बंद पडली. मागच्या सीटवरच गेले ते."

मला तिथे उभं राहवेना. निघणार तेवढ्यात आजी परत आल्या. बॉनेटवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "आता बंद नाय ना पडत?"

"नाही आजी."

"मग चालव. कोणाला दवाखान्यात न्यायचं असलं तर नाय म्हणू नको."

त्यांच्याही आधी ही गाडी कोणाची होती, ते शोधायचं आता त्राण नाही. तुम्ही शोधलं असतं का?