भास न्हाई, बेअरिंग हाय

आज डोकं लय तापलंय, म्हणून लिहायलेय.

चार दिवसांपासून माझी इलेक्ट्रिक स्कूटर जरा पळवली की घरघर करायली, पायाखाली थरथरायली. आज सकाळी बिदरला दुरुस्तीला नेली. मेकॅनिक हसला. "अक्का, हिला इंजिनच न्हाई, आवाज कुठून येणार? तुम्हाला भास व्हायलाय. घरातल्या माणसाला पाठवा."

कामून? इथल्या बिदरजवळच्या कोळारच्या कारखान्यात कुठल्या मशीनचं बेअरिंग गेलंय, ते मी रोज स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून सांगते!

म्हणलं, "गाडी स्टँडवर घ्या, मागचं चाक फिरवा." स्क्रू ड्रायव्हरचं टोक ॲक्सलवर टेकवलं, मूठ कानाला लावली. खरखर साफ ऐकू आली. मग तीच मूठ त्याच्या कानाला लावली. "ऐका अण्णा. इंजिनचा गोंगाट न्हाई, म्हणूनच तर हे ऐकू यायलंय."

त्यानं चाक खोललं. बेअरिंग पार खल्लास!

वर मी निघताना म्हणतो, "साहेबांचा नंबर द्या, गाडी झाली की कळवतो." मी माझाच दिला.

बायांनो, 'भास व्हायलाय' म्हणून तुम्हाला कुठून कुठून परत पाठवलंय? पुढच्या वेळी उठू नका. चाक खोलेपर्यंत तिथंच बसा.