आईचं रफू

सुती पातळावरून तापलेली इस्त्री फिरली, की किंचित करपट, गोडसर वास सुटतो. तो आला, की मला कोपरच्या आमच्या इमारतीतल्या तळमजल्यावरच्या काकू आठवतात आणि राग पुन्हा उसळतो. काकू जुन्या पातळांना इस्त्री करून त्यांची तान्ह्या बाळांसाठी दुपटी शिवत, पाळण्यावर टांगायला फेल्टच्या कापडाचे मासे करत. बोलणं तुटक, कारण ओठांत कायम सुई. शिवून झालेली प्रत्येक वस्तू त्या आधी स्वतःच्या गालावर घासून पाहत.

नातवाच्या दुपट्यासाठी मी त्यांना माझ्या दिवंगत आईचं पातळ दिलं. त्यावर आईच्या हातचं रफू होतं; तेच मला नातवापर्यंत पोहोचवायचं होतं. दुपटं मऊसूत झालं, पण रफू त्यात कुठेच नव्हतं.

“कापलं गं ते. गाठी होत्या त्यात.”

“काकू, ती माझ्या आईची बोटं होती! विचारायचंत तरी!” मी किंचाळले.

त्यांनी माफी मागितली नाही. चिंध्यांच्या पिशवीतून तो तुकडा काढला, माझ्या गालावर दाबून घासला आणि माझ्याकडे रोखून पाहत विचारलं,

“टोचतंय?”