नाटकाला दिलेली पांढरी साडी
ह्यांचा डबा भरत होते, तव्यावर पोळी होती आणि दारावर थाप पडली. दौंडच्या आमच्या कॉलनीत एवढ्या सकाळी दूधवाल्याशिवाय कुणी येत नाही. दारात महिला मंडळाच्या कल्पनावहिनी. हातात पेपरात गुंडाळलेली साडी.

“ही ताईबाईंची. तुम्हीच देऊन टाका. मी कुठं त्यांच्या वस्तीत जात बसू?”

मी उभ्या उभ्या साडी उलगडली. पदरावर हातभर चहाचा डाग.

ताईबाई मूळच्या निमोण्याच्या, नवरा पोपटराव रेल्वेत गँगमन. निम्म्या कॉलनीचे ब्लाउज त्याच शिवतात. मंडळाच्या नाटकाचे कपडेही त्यांनीच शिवले. नाटक जुनं, गाजलेलं, बड्या घरातल्या ढोंगांची टर उडवणारं, शेवटी लग्न. कल्पनावहिनी त्यांच्या घरी जाऊन पांढरी साडी मागू लागल्या तेव्हा ताईबाईंना वाटलं, नवरीसाठीच. बौद्ध लग्नात नवरी पांढरंच नेसते. त्यांनी ट्रंकेतली स्वतःच्या लग्नातली साडी काढून दिली. येत्या रविवारी विहारात त्यांची लेक दीक्षा स्वतःच्या लग्नात तीच नेसणार आहे. कल्पनावहिनींच्या लेखी मात्र पांढरी साडी विधवेची. इतकं उघड, की दोघींनाही विचारायचं सुचलं नाही.

काल संध्याकाळी ताईबाई माझ्याच शेजारी होत्या. पहिल्या अंकात त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. दुसऱ्या अंकात तीच साडी नेसून कल्पनावहिनी आल्या, म्हाताऱ्या सावकाराच्या मागं लागलेली लबाड विधवा होऊन. पदरानं नाक पुसलं, हॉल हसला. अंगावर कप लवंडून घेतला, हॉल लोळायचा बाकी राहिला. मी म्हटलं, चला, उठू या. ताईबाई म्हणाल्या, “न्हाई. समदं बघते.” नवरा जिता असलेली बाई, स्वतःच्या लग्नाच्या साडीवर लोक खिदळताना पडदा पडेपर्यंत बघत बसली.

आणि आता ती साडी न धुता, पेपरात.

कल्पनावहिनी निघाल्या तर फाटकातून ताईबाई आत आल्या, साडीच्याच चौकशीला. डाग त्यांनी बघितला. कल्पनावहिनी हसून म्हणाल्या, नाटकातलं काय एवढं मनावर घ्यायचं, लाँड्रीत टाकली की झालं.

माझं डोकं फिरलं. “साडी मागायला बरी वाट सापडली होती तुम्हाला वस्तीची,” मी म्हणाले. “परत करायलाच चुकते होय?”

कल्पनावहिनींचा चेहरा लाल झाला. मी आणखी बोलणार होते, पण ताईबाईंनी माझ्या दंडावर हात ठेवला. साडीची घडी त्यांनी नीट घातली आणि कल्पनावहिनींच्या हातात परत दिली.

“वयनी, मला भांडायचं न्हाई. ह्यो डाग तुमी तुमच्या हातानं धुवा, आन् शनवारी साडी आमच्या घरी आणून द्या.”