कंपाउंडरांचे हलके फोटो

कंपाउंडर आपल्या सापांच्या ब्लॉगवरचा प्रत्येक फोटो पाड्यावर जाऊन तपासत. डोळखांबच्या पुढे, जिथे मोबाइलची रेंज जेमतेम एक काडी येते, तिथल्या शाळेच्या पायरीवर ते उभे राहत आणि फोन हातात धरून एक ते दहा मोजत. दहाच्या आत साप पुरता दिसला तर फोटो पास. नाही दिसला तर घरी येऊन तो पुन्हा हलका, म्हणजे कमी केबीचा, करायचा आणि पुढच्या खेपेला पुन्हा पायरीवर उभे राहायचे. सत्तरीच्या माणसाने एका फोटोसाठी एसटीने जाऊन वर चार किलोमीटर चालणे मला तेव्हा हट्टाचे वाटे.

ते मूळचे सापगावचे. सरकारी दवाखान्यात त्यांनी औषधे देण्याचे काम आयुष्यभर केले. सर्पदंशाचे रोगी दारात उतरवून घेण्याचे कामही त्यांच्याकडेच येई. किती उतरवले हे त्यांनी मला कधी सांगितले नाही. एवढेच म्हणाले, की निम्मे लोक उशिरा येत आणि उशीर नेहमी एकाच कारणाने होई: साप विषारी की बिनविषारी यावर घरात वाद चाले. निवृत्त झाल्यावर त्यांनी ब्लॉग सुरू केला तो एवढ्याचसाठी. आपल्या तालुक्यात आढळणारे साप, त्यांचे फोटो आणि दंश झाल्यावर काय करायचे, याखेरीज त्यावर काही नव्हते.

मी मुरबाडच्या एका शाळेत मुख्याध्यापक होतो. त्यांचा ब्लॉग मला निवृत्तीनंतर दिसला. मजकुरात चुका फार होत्या. मी एकोणीस चुकांची यादी करून पाठवली. उत्तर आले, ‘विसावी तुमी सोडली. या एकदा, दाखवतो.’ मी गेलो. तेव्हापासून दर गुरुवारी मी शहापूरला उतरून सापगावला जाऊ लागलो. मजकूर माझ्याकडे आला, फोटो त्यांच्याकडे राहिले.

फोटो हलका करण्याची त्यांची रीत ठरलेली होती. सर्पमित्र मुले चार-चार एमबीचे फोटो पाठवत. कंपाउंडर आधी ते कापत. झाडे, भिंत, काठी धरलेला माणूस, सगळे काढून टाकत. ‘ह्यो साप हाय का नवरदेव? मागं मांडव कशाला?’ असे म्हणत. मग रुंदी कमी करत आणि दाबणे, म्हणजे कॉम्प्रेस करणे, अगदी शेवटी, तेही एकदाच. ‘कापायचं ते आजूबाजूचं. सापाला हात लावायचा नाय,’ हे त्यांचे वाक्य मी शंभरदा ऐकले असेल. मर्यादा शंभर केबी. ती त्यांनी टेबलासमोरच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवली होती.

माझ्या मजकुरावर मात्र ते नाराज असत. मी वाक्ये नीट बांधत असे. ते ऐकून घेत आणि म्हणत, ‘मास्तर, तुमचं वाक्य संपेतोवर चावलेला माणूस आटपंल.’ लोक चित्र बघतील, तुमचे व्याकरण कोणी बघणार नाही, असेही त्यांनी एकदा बजावले. मी ते थट्टेवारी नेले.

त्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली तेव्हा डॉक्टरांनी त्यांना काही दिवस पडद्याकडे बघायला मनाई केली. ब्लॉगची किल्ली त्यांनी माझ्या हाती दिली. काही करू नका, फक्त सांभाळा, असे सांगितले. मला काही न करता बसण्याची सवय नव्हती. मी एकेका फोटोचा आकार तपासत गेलो. सगळे शंभरच्या आत होते. एकच नव्हता. मण्यारीचा फोटो एकशे चाळीसचा होता.

मला ती त्यांची नजरचूक वाटली. मी फोटो दाबला. एकशे पाच झाला. नियम शंभरचा होता. मी तोच दाबलेला फोटो पुन्हा दाबला. चाळीस झाला. माझ्या संगणकावर तो लहान चौकटीत बरा दिसला. मी जुना काढून हा चढवला आणि एक चूक दुरुस्त केल्याच्या समाधानाने झोपलो.

मण्यार जहाल विषारी. कवड्या बिनविषारी. दोघांच्या काळसर अंगावर पांढरे आडवे पट्टे असतात. मण्यारीचे पट्टे बारीक, जोडीजोडीने आणि शेपटीकडे ठळक होत जाणारे. कवड्याचे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात. घरात मारलेल्या सापावरून हे ओळखायचे तर फोटोत प्रत्येक पट्टा सुटा दिसला पाहिजे. कंपाउंडरांनी तेवढ्याचसाठी त्या एका फोटोला चाळीस केबी जास्त दिले होते. ती नजरचूक नव्हती. माझ्या दोनदा दाबण्याने ते पट्टे एकमेकांत मिसळले आणि राखाडी डाग उरले. शेजारचा कवड्याचा फोटो मुळातच नव्वदचा होता. त्याला मी हात लावला नव्हता. तो स्वच्छ होता.

चौथ्या दिवशी पाड्यावरच्या सोमीबाईच्या थोरल्या मुलाला, काळूला, पहाटे अंथरुणात साप चावला. धाकटा मुलगा वाशिंदला कारखान्यात कामाला होता आणि सुटीवर घरी आलेला होता. त्याने साप मारला, अंगणात आणून ठेवला आणि शेजारी फोनवर ब्लॉग उघडून धरला. एका चित्रात पट्टे होते, एकात डाग होते. मेलेल्या सापाला पट्टे होते. त्याने भावाला सांगितले, कवड्या आहे, भिऊ नको. खाली माझा मजकूर होता. कोणताही साप चावला तरी विलंब न करता दवाखाना गाठावा, हे त्यात होते. सहाव्या ओळीत होते.

काळू चहा पिऊन पुन्हा पडला. न्याहारीच्या वेळेला त्याच्या पापण्या उघडेनात. शहापूरला आणेपर्यंत त्याचा श्वास थांबला होता.

कंपाउंडरांना बातमी डोळ्यावर पट्टी असताना कळली. त्यांनी मला बोलावून फोटो बघायला सांगितला. मी बघितला आणि जे केले ते सांगितले. मी म्हणालो, मी जाऊन त्या घरी सांगतो.

‘ब्लॉगवर नाव कोणाचं हाय?’ त्यांनी विचारले.

‘तुमचं.’

‘मग फोटोबी माझा. तुमी गप ऱ्हा, मास्तर.’

मी गप्प राहिलो. त्यांनी सांगितले म्हणून राहिलो असे मी पुष्कळ दिवस स्वतःला समजावले. खरे तर ते मला सोयीचे होते.

पट्टी निघाल्यावर त्यांनी तीन कामे केली. मण्यारीचा मूळ फोटो शोधून कापला आणि एकशे चाळीसवर नेऊन ठेवला. माझा सगळा मजकूर काढून तिथे मोठ्या अक्षरांत एकच ओळ लिहिली, ‘साप बघत बसू नका, दवाखान्यात चला.’ आणि मग ते सोमीबाईकडे गेले. ‘फोटो माझा चुकला,’ एवढेच त्यांनी तिला सांगितले, असे मला मागाहून कळले. त्यानंतर ते दर पंधरा दिवसांनी तिच्याकडे जात. काही नेत नसत. ओट्यावर तासभर बसत. पहिल्या काही खेपांना ती त्यांच्याशी बोललीही नाही. माझ्याशी ते त्या फेऱ्यांविषयी कधी बोलले नाहीत. गुरुवारी मी गेलो की आम्ही काम करत असू. त्यांनी मला त्या फोटोविषयी एकदाही टोचले नाही. टोचले असते तर मला सोपे गेले असते.

दोन वर्षांनी, थंडीत, कंपाउंडर झोपेतच गेले. तेराव्याला सोमीबाई सापगावपर्यंत आली होती. मी तिला दुरून पाहिले आणि मंडपाच्या दुसऱ्या बाजूला गेलो.

महिनाभराने मी पाड्यावर गेलो. ती अंगणात नाचणी पाखडत होती. मी कोण ते सांगितले. फोटो कंपाउंडरांनी नव्हे, मी बिघडवला होता, हेही सांगितले. वाक्य नीट बांधून नेले होते. ते तसेच म्हणून दाखवले.

तिने सूप खाली ठेवले नाही. पाखडता पाखडताच म्हणाली, ‘त्यांची चूक नव्हती, तरी ते येत व्हते. तुमची व्हती. तुमी नाय आलात.’

तिने मला बसा म्हटले नाही. थोडा वेळ उभा राहून मी निघालो. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. तेव्हाही ती बसा म्हणाली नाही. मी अजूनही जातो.