इनासच्या दारी पाणी

मी भांडखोर बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. भाईंदरच्या गोडदेवला आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्याशी एकदाही न भांडलेला माणूस शोधून सापडायचा नाही. कोणी दुखावलं तर मी विसरत नाही, आणि विसरले नाही हे समोरच्याला कळेल अशी व्यवस्थाही करते. क्षमा म्हणजे ज्यांना भांडता येत नाही त्यांनी शोधलेली पळवाट, असं माझं पक्कं मत होतं. दुल्सिन बोर्जीसनं ते मोडलं, आणि त्याचा मला अजून थोडा राग आहे.

दुल्सिनबाय समुद्राकाठच्या चौक गावची. तिकडे वयस्क बाईला 'बाय' म्हणतात. गेली वीस वर्षं ती पहिल्या बसनं मासळीची पाटी घेऊन आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसते. जीभ अशी, की नवखं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येताना विचार करतं. एकीनं बोंबील दाबून दाबून विचारलं, "ताजे आहेत ना?" तर म्हणाली, "न्हाय, गेल्या वर्षीचे हायत. तुझ्यासाठी जपून ठेवले." आमची गट्टी तिथेच जमली. ती मला मंदाताई म्हणते आणि तरीही फसवायला बघते.

तिचा नवरा लवकर गेला. बेनेट हा एकच मुलगा, तो तेव्हा चार वर्षांचा होता. पाटी वाहून तिनं त्याला वाढवलं. बावीस-तेवीसचा झाला आणि दारूला लागला. ही बाई काय करायची, तर पाटी घेऊन सरळ बारमध्ये शिरायची आणि त्याच्या टेबलासमोर बसायची. ओरडायची नाही, रडायची नाही. मासळीचा वास सुटला की आजूबाजूचे उठून जायचे, मालक हात जोडायचा, शेवटी बेनेट उठायचा. असं तिनं चार महिने केलं. एक दिवस त्यानं दारू सोडली ती सोडलीच. अकरा महिने थेंबाला शिवला नाही. आयुष्यात त्यानं एवढी एकच मोठी गोष्ट केली होती आणि ती आम्हा सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक होती, कारण ती रोज सांगायची.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात समुद्र बिघडला. वादळाचा इशारा आला, चौकच्या बोटी किनाऱ्याला लागल्या. फक्त इनास नाखव्याची जाळी अजून पाण्यात होती. नाखवा म्हणजे बोटीचा मालक. जाळी वाहून जातील म्हणून त्यानं बोट पाठवली, स्वतः किनाऱ्यावर राहिला. बेनेट त्या बोटीवर होता. जाळी ओढताना लाट आली आणि तो गेला. चौथ्या दिवशी खडकांपाशी सापडला.

इनासनं पोलिसांना सांगितलं की पोरगा प्यायलेला होता, तोल जाऊन पडला. खरं बोलला असता तर इशारा मोडल्याबद्दल बोटीचा परवाना गेला असता, कदाचित तुरुंगही झाला असता. पोरगा आधी पीत होता हे गावाला माहीत होतंच, त्यामुळे खोटं अंगाला लगेच चिकटलं. मातीच्या दिवशी लोक हळहळले तेसुद्धा 'सुटली नव्हती वाटतं शेवटपर्यंत' असं म्हणत. दुल्सिनबायनं ते उभ्यानं ऐकलं.

मातीनंतर सातव्या दिवशी लवू नावाचा खलाशी तिच्याकडे आला. आमच्या रत्नागिरीकडचाच. बेनेट प्यायला नव्हता, त्या वेळी त्याच्या शेजारी मीच होतो, असं रडत सांगून गेला. पोलिसांकडे चल म्हटल्यावर मात्र त्यानं गावची एसटी पकडली आणि परत आला नाही. त्याच्यावर मी आजही थुंकेन.

पण त्याचं बोलणं आळीतल्या बायकांनी ऐकलं होतं. तेव्हापासून इनासच्या घरी कोणी जाईना. कोणी ठरवलं नव्हतं, कुठे लिहिलं नव्हतं. पण बोंबील सुकवायच्या बांबूंपाशी बसणाऱ्या एल्मानं एकदा म्हटलं, "खरं बोलत न्हाय तंवर त्याच्या सुखाला न्हाय, दुःखाला न्हाय," आणि तेवढं पुरलं. चर्चमध्ये सगळे एकत्र, कारण ते देवाचं घर. इनासचा उंबरठा मात्र ओस पडला. बेनेटला एवढाच न्याय मिळाला होता. पोलिसांच्या कागदावर तो दारुडाच होता.

मी दुल्सिनबायला म्हटलं, "छान झालं. असाच सडू दे त्याला."

तिनं बोंबील मोजून माझ्या पिशवीत टाकले. पुढे कळलं, की संध्याकाळच्या रोझरीच्या प्रार्थनेत, जिथे प्रत्येक जण आपल्या आजाऱ्याचं, परीक्षेला बसलेल्याचं नाव घेतो, तिथे ही बाई दर वेळी खणखणीत आवाजात म्हणायची, "इनाससाठी." बाकीच्यांचा आवाज खाली जायचा. ही तेवढंच एकटीनं म्हणून टाकायची. एल्मा चिडून म्हणाली, "तुला लाज न्हाय काय?" तर हिनं उत्तर दिलं, "प्रार्थना मी करते, लाज तुला कशाला पाहिजे?"

मला हे कळलं तेव्हा मी दोन दिवस तिच्याकडून मासळी घेतली नाही.

यंदा मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी करायला मी सुके बोंबील आणायला चौकला गेले. शनिवार, दुपारचे चार. दुल्सिनबायच्या ओट्यावर बसले होते, तर समोरून बॅण्डचा आवाज येऊ लागला. एकच गाणं. संपलं की पुन्हा तेच.

"कुणाचं लग्न?"

"प्रिस्काचं. इनासची पोर. उद्या लग्न, आज उंबराचं पाणी."

लग्नाच्या आदल्या दिवशी आळीतल्या बायका सजवलेले हंडे घेऊन वाजत-गाजत विहिरीवर जातात, पाणी आणतात आणि लग्नाच्या सकाळी नवरीला त्यानं आंघोळ घालतात. हे पाणी आपल्या माणसांनी आणायचं असतं. प्रिस्काला आई नव्हती, ती दहाची असतानाच वारली. आळी यायला तयार नव्हती. नवऱ्याकडची माणसं शेजारच्या डोंगरी गावाहून येऊन अंगणात बसली होती आणि नवरीच्या दारात एक बाई नाही हे डोळ्यांनी बघत होती.

मग इनासनं काय करावं? जेवणाच्या कंत्राटदाराकडून चार बायका मागवल्या. पोळ्या लाटणाऱ्या, भाईंदर पूर्वच्या. एकसारख्या साड्या नेसवून हंडे दिले. ते बघून प्रिस्का आत जाऊन दार लावून बसली. बोंबलाच्या बांबूंपाशी बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मीही हसले. खोटं कशाला बोलू?

दुल्सिनबाय हसली नाही. तिनं त्या पोरीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातांत धरलं होतं, ती तिची धर्माची आई. बॅण्ड पाचव्यांदा तेच गाणं वाजवू लागला तशी ती उठली, घरातून तांब्याचे दोन हंडे काढले आणि चपला ओट्यावरच ठेवल्या.

एल्मा धावतच आली. "खुळी झाली काय तू? तू त्याच्या दारात पाणी नेलंस तं गाव काय समजंल? उद्यापासून सगळे जातील तिथं. आणि मग बोलतील, आईनंच सोडून दिलं, म्हंजे पोरगा प्यायलाच असंल."

हे ऐकून माझं हसणं थांबलं, कारण एल्माचं खरं होतं. गाव इनासच्या दाराबाहेर उभं होतं तोवर बेनेटचं नाव शाबूत होतं. दुल्सिनबाय आत गेली की ते राखायला कोणी उरणार नव्हतं.

दुल्सिनबायनं हातातला हंडा ओट्यावर टेकवला. क्षणभर मला वाटलं, बसेल खाली. मी मनातून म्हणत होते, बस.

"एल्मा," ती म्हणाली, "माझा पोर कसा होता ते मला ठाऊक हाय. तुझ्या रुसण्यावर त्याचं नाव उभं राहात असंल तं ते आधीच पडलंय."

"इनासनं माफी तरी मागितली काय?"

"क्रुसावर टांगलेला तवा त्यानं माफ केलं. खाली कोण माफी मागायला रांगेत उभा व्हता? सांग मला. मी माफ करायचं का न्हाय ते आता इनास ठरवणार? का तू ठरवणार? माझा पोर गेला, वैरी माझा, मी बघून घेईन."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मंदाताई, तो दुसरा हंडा उचल."

मी? मी म्हटलं, मी हिंदू बाई, माझं काय काम? तर म्हणे, पाणी जात विचारत न्हाय, उचल. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे मला वीस वर्षांत कळलं होतं. उचलला.

अशी आमची मिरवणूक निघाली. पुढे मुलगा गेलेली अनवाणी आई, मागे गोडदेवची भांडखोर बाई, आणि आम्हाला बघून धीर आलेल्या त्या चार पोळ्यावाल्या. दुल्सिनबाय बॅण्डवाल्यांना म्हणाली, "दुसरं गाणं येतं काय? मग वाजवा." बांबूंपाशी कोणी हसेना. रस्ता तापला होता आणि तिचे पाय भाजत होते, तरी ती भराभर चालत होती. विहिरीवर तिनं स्वतः पाणी ओढलं. मला हात लावू दिला नाही.

इनास दारातच उभा होता. पन्नाशीचा धिप्पाड माणूस, पण आम्हाला बघून भिंतीला टेकला. दुल्सिनबायनं डोक्यावरचा हंडा उतरवला नाही. तसाच धरून, डोंगरीच्या पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "इनास, माझा बेनेट त्या दिवशी प्यायला न्हवता. हे मी तुझ्या दारात उभी राहून बोलते, म्हंजे कुणाचा गैरसमज नको. आता बाजूला हो. पाणी पोरीसाठी आणलंय."

तो बाजूला झाला. ती आत गेली, हंडा ठेवला, प्रिस्काच्या दारावर थाप मारली. पोरगी बाहेर आली ती सरळ तिच्या गळ्यातच पडली. दोघी रडल्या. मीसुद्धा रडले, पण माझं निम्मं रडणं रागाचं होतं.

परतताना मी फटकळपणे बोललेच. "एवढं करून त्याला साधं 'चुकलो' म्हणता आलं नाही. काय मिळालं तुला?"

"मी घ्यायला गेले न्हवते," ती म्हणाली. मग थोडं चालल्यावर, "तळपाय सोलून निघाले बघ," असंही म्हणाली.

प्रिस्कानं मलाही बोलावलं होतं म्हणून दुसऱ्या दिवशी लग्नाला गेले. चर्च भरलेलं होतं. आळीतल्या बायका मागच्या बाकांवर, एल्मा मध्ये बसलेली, चेहरा कडू. पहिल्या बाकावर इनास आणि त्याच्या शेजारी, जिथे नवरीची आई बसते, तिथे दुल्सिनबाय. प्रिस्कानं हाताला धरून बसवली होती. मागे कुजबूज चालली होती. 'संपलं म्हणजे. विसरली पोराला,' असं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि त्या बाईकडे असं बघितलं की ती गप्प झाली.

लग्न लागलं. मग मिस्सामध्ये ती वेळ येते, जेव्हा फादर सांगतात की एकमेकांना शांती द्या, आणि सगळे शेजाऱ्याचा हात हातात घेतात. दुल्सिनबाय इनासकडे वळली आणि तिनं हात पुढे केला.

इनासनं तो घेतला नाही. बघत राहिला. आजूबाजूच्यांचे हात मिळवून झाले, लोक पुन्हा सरळ उभे राहिले, तरी हिचा हात पुढेच. कोणी एवढं ताटकळत ठेवलं असतं तर मी हात मागे घेऊन त्याच हातानं कानफटात वाजवली असती.

इनासचे ओठ हलले. मी तिसऱ्या बाकावर होते, मला काही ऐकू आलं नाही. दुल्सिनबायला आलं.

"मोठ्यानं बोल," ती म्हणाली. "मागपर्यंत जाऊ दे."

फादर थांबले. इनास मागे वळला आणि सगळ्या गावाकडे तोंड करून उभा राहिला. "बेनेट प्यायला न्हवता," तो म्हणाला. "वादळाचा निरोप आलेला. मीच बोट काढायला लावली. पोलिसांना मी खोटं सांगितलं." आणि हे शेवटचं वाक्य म्हणताना तो माणूस लहान पोरासारखा रडला.

मागे एल्मानं तोंडावर हात ठेवला. नवरी मुलगी बापाकडे वळून उभी होती.

दुल्सिनबायचा हात अजून तसाच होता. या वेळी इनासनं तो दोन्ही हातांनी धरला आणि कपाळाला लावायला वाकला, तर तिनं त्याला खांद्याला धरून सरळ उभं केलं.

"आता उद्या पोलीस चौकीत हेच बोलायचं," ती म्हणाली. "भिऊ नको. मी येते तुझ्यासंगती."