बंद पडली का?

आमच्या शेडमध्ये दोन गोष्टी कुणीही न आणता साठतात. एक उंदीर, दुसरे किस्से. उंदरांसाठी इक्बालभाईंनी मांजर पाळली. किश्शांवर अजून इलाज सापडलेला नाही, त्यामुळे कुणी चहाला बसलं की मी सुरू होते. विवेक म्हणतो, "अंजू, तू दरवेळी थोडं वाढवून सांगतेस." वाढवते! इंजिनची ताकद वाढवलेली चालते, मग किस्सा वाढवला तर काय बिघडलं?

शेड विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्यापासून आत. मालक इक्बालभाई. त्यांच्या आजोबांनी पुण्यात टांगे दुरुस्त केले, वडिलांनी स्कूटरी, आणि ते स्वतः "बाकीचे हात जोडून परत पाठवतात त्या गाड्या" करतात. हे वाक्य त्यांचंच आहे आणि शेडमध्ये पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकावं लागतं.

आमची गाडी त्यातलीच. लाल, बुटकी, दोन दारांची, दोनच माणसांची जुनी परदेशी स्पोर्ट्स कार. विवेकने ती एका निवृत्त वैमानिकाकडून घेतली. विवेक माझा नवरा. माझ्याशी लग्न ठरवताना त्याने फक्त एक कप चहा संपवला होता. ही गाडी घ्यायला मात्र वर्षभर विचार केला.

* * *

पहिला किस्सा तेव्हा हसण्यासारखा नव्हता. जुन्या कात्रज घाटात, अगदी वरच्या वळणावर, ऐन चढात गाडी बंद पडली. मागे वाळूचा ट्रक. ब्रेक लागेपर्यंत आम्ही हातभर मागे घसरलो आणि ट्रकचा हॉर्न थेट माझ्या पोटात वाजला. झालं काहीच नाही. ट्रकवाल्याने आणि त्याच्या क्लीनरने गाडी ढकलून कडेला लावून दिली आणि ते निघून गेले.

मग सगळं पुणे एकेक करून आमच्याशेजारी थांबायला लागलं. दूधवाला थांबला, कॉलेजची पोरं थांबली, वऱ्हाडाचा टेम्पो थांबला. सगळ्यांचा प्रश्न एकच, "बंद पडली का?" शेवटी एका आजोबांनी स्कूटर उभी केली, हेल्मेट काढलं, रुमालाने घाम पुसला आणि सावकाश विचारलं, "काय, बंद पडली का?"

"नाही हो," मी म्हणाले, "लाजाळू आहे. तुम्ही गेलात की सुरू होईल!"

"मग निघतो," आजोबा म्हणाले आणि खरंच निघाले!

मला हसू आलं. विवेकला आलं नाही. त्याचे हात थरथरत होते, आणि त्या दिवसापासून त्याने गाडी चालवणं सोडलं. लालच नाही, कुठलीच. विचारलं की म्हणायचा, मान अवघडलीये. ज्याच्या शेजारी मी निर्धास्त झोपायचे तो माणूस आता माझ्या शेजारी बसून प्रत्येक चढावर दाराची मूठ घट्ट धरायचा. खरं सांगते, मला त्या गाडीचं फारसं काही नव्हतं. स्टिअरिंग धरून शीळ घालणारा माझा नवरा मला परत हवा होता.

* * *

इक्बालभाईंनी गाडीचा जुना कॉम्प्युटर काढून टेबलावर ठेवला. इंजिनला कधी आणि किती पेट्रोल द्यायचं हे ठरवणं त्याचं काम. "वहिनी, हा कॉम्प्युटर नाही, हे आमचे चुलते आहेत," ते म्हणाले. "अर्धं ऐकू येत नाही, आणि ऐकलेलं विसरतात." पेट्रोल फवारणारे चार इंजेक्टर, म्हणजे बोटाएवढ्या नळ्या, त्याही गळत होत्या. ठरलं! नवे मोठे इंजेक्टर, नवा कॉम्प्युटर, आणि त्याचं प्रोग्रॅमिंग माझ्याकडे. हिंजवडीत माझी नोकरीच ती आहे. दिवसभर मी लोकांच्या इंजिनांना शिस्त लावते.

हिंजवडी म्हटल्यावर नाना पुढे सरकले. नाना मूळचे तिथले शेतकरी. जमिनीवर इमारती आल्या, हाताला काम उरलं नाही, म्हणून रोज शेडमध्ये येऊन बसतात.

"वैनी, तुमचं हापीस म्हंजी ते निळ्या काचांचं? मागं पिंपळ हाय, ते?"

"हो, तेच."

"कितव्या मजल्यावर बसता?"

"चौथ्या."

नानांनी डोळे मिटून अंदाज घेतला. "म्हंजी बरोबर आमच्या इहिरीवर."

तेव्हापासून ऑफिसातली खुर्ची करकरली की मला पोहता येत नाही हे आठवतं.

* * *

नवे इंजेक्टर यायला वेळ होता. तोवर जुनेच धुऊन बघू, असं इक्बालभाईंच्या मनात आलं. आम्ही राहतो नारायण पेठेत, आणि आमच्या खालीच एका सराफाचं छोटं दुकान आहे. त्याच्याकडे दागिने धुवायचं यंत्र. टाकीतलं पाणी थरथरतं आणि मळ आपोआप सुटतो. सराफ विवेकचा वर्गमित्र, त्यामुळे नाही म्हणता येईना. "गिऱ्हाईक नसताना आणा," एवढंच म्हणाला.

आम्ही चारही इंजेक्टर टाकीत सोडले आणि गिऱ्हाईक आलं! ठुशी धुवायला घेऊन आलेल्या एक बाई. इक्बालभाईंनी झाऱ्याने एक इंजेक्टर वर काढला, तर बाईंचे डोळे तिथेच खिळले.

"अँटिक का हो?"

"एकदम," इक्बालभाई म्हणाले. "पण ताई, जोडी मिळत नाही. चारांचाच सेट आहे."

सराफाने कपाळाला हात लावला. बाईंनी इंजेक्टर उचलून कानाशी धरला, आरशात दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि नाक मुरडलं.

"रोजच्या वापराला जड होईल."

* * *

धुतलेले इंजेक्टर चारही सारखं फवारतात का, ते बघायचं होतं. त्यासाठी मी घरून काचेचे चार ग्लास नेले. प्रत्येकाखाली एक ग्लास लावला, पेट्रोलचा फवारा सोडला आणि तेवढ्यात फोन आला म्हणून आम्ही बाहेर गेलो. परत येतो तर नाना उन्हातून आलेले, बाकावर बसलेले, हातात त्यातला भरलेला ग्लास!

"नाना!" आम्ही तिघंही ओरडलो.

नानांनी ग्लास नाकापर्यंत नेला होता, तो तसाच हळूच खाली ठेवला. पाहुण्यांच्या घरचं नावडतं पक्वान्न बाजूला सारावं तसा. म्हणाले, "नको वैनी, तहान न्हाई. पर एक सांगू? आमच्याकडं पान्याला असा वास आला तर आम्ही टँकरवाला बदलतो."

मी त्याच दिवशी शेडमध्ये मातीचा माठ आणून ठेवला. जुन्या इंजेक्टरांपैकी एकाचा ग्लास अर्धाच भरला होता, त्यामुळे त्यांचा निकाल लागला तो लागलाच.

* * *

आता माझ्या आवडीचा किस्सा. नवे इंजेक्टर बसले, नवा कॉम्प्युटर बसला. इंजेक्टर किती मोठे आहेत तो आकडा कॉम्प्युटरला सांगावा लागतो. त्यावरून तो पेट्रोलचं माप ठरवतो. मी लॅपटॉप घेऊन सीटवर. विवेकला म्हटलं, "खोक्यावरचा आकडा वाच."

"चारशे अकरा," विवेक म्हणाला.

मी चारशे अकरा घातले आणि किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, ठसकलं, आणि मागून काळ्याकुट्ट धुराचा असा लोट निघाला की मांजर दोन दिवस फिरकली नाही. शेजारच्या बंगल्यातले काका धुरातून वाट काढत फाटकाशी आले. आवाज चढवला नाही की काही नाही.

"आपला होम किती वेळ चालणार आहे? दोरीवरचे कपडे आत घ्यायचे की दान करायचे, तेवढं कळलं तर बरं होईल."

मी खाली उतरून खोकं स्वतः पाहिलं. आकडा होता साडेपाचशे. तो खोक्याच्या बुडाशी. चारशे अकरा कुठून आले? वरच्या बाजूला कुरिअरवाल्याची चिठ्ठी होती, अर्धी फाटलेली. त्यावर आमचा पत्ता, आणि पत्त्याच्या शेवटी पिनकोडाचे पहिले तीन आकडे!

कॉम्प्युटर बिचारा इंजेक्टर लहान समजून पेट्रोल ओतत सुटला होता. विवेक कान पकडून उभा. इक्बालभाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जाऊ द्या साहेब. नशीब, गाडी पुण्याची आहे. दिल्लीचा पत्ता असता, एकशे दहा, तर सुरूच झाली नसती!"

* * *

खरा आकडा घातल्यावर मात्र कमाल झाली. माझं बाकीचं काम पुरं व्हायला बरेच रविवार गेले. शेवटी एका सकाळी इक्बालभाईंनी किल्ली फिरवली, इंजिन लागलं, आणि इतकं शांत झालं की ते स्वतःच चपापले.

"बंद पडली का?" असं म्हणून त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली. चालू इंजिनवर स्टार्टर असा करकरला की आम्ही सगळे कानावर हात ठेवून उभे!

"चालू आहे हो!" मी ओरडले.

"चालू आहे?" ज्या माणसाने ती दुरुस्त केली तोच विचारत होता. नानांनी माठातलं पाणी ग्लासात भरून इंजिनवर ठेवलं. ग्लास हलला नाही. विवेक हसला, बऱ्याच दिवसांनी, मान मागे टाकून हसला. मी पटकन इंजिन बंद केलं आणि गाडीची किल्ली त्याच्यापुढे धरली.

त्याने ती घेतली, दोन क्षण बघितली आणि माझ्या हातात परत दिली. डावीकडचं दार उघडून बसला.

त्या दिवशी मला रडू आलं. इक्बालभाई हात पुसत माझ्याजवळ आले. "वहिनी, गाडी बरी झाली," ते हळूच म्हणाले. "साहेब बरे व्हायचेत. बघू, त्यांचंही करू."

* * *

इक्बालभाईंनी केलं ते असं. चालत्या गाडीत इंजिनचे आकडे बघून कॉम्प्युटर जुळवायचा असतो. म्हणजे एकाने चालवायची, दुसऱ्याने लॅपटॉप बघायचा. लॅपटॉप फक्त मला कळतो. मग चालवणार कोण?

"माझ्या पायाला मुंग्या आल्यात," इक्बालभाई म्हणाले. उभे होते, तरी मुंग्या!

"माझं पोट आत गेलं तर मी भाईर ऱ्हातो," नाना म्हणाले. हे मात्र खरं होतं.

विवेकने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "फक्त गल्लीच्या तोंडापर्यंत," तो म्हणाला.

पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या वेगाने आम्ही निघालो. गल्लीचं तोंड आलं. मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हटलं, "थोडं अजून. आकडे आत्ताच कुठे जुळायला लागलेत." मग दुसरा गिअर. मग आळंदी रस्ता. "अजून थोडं." मग तिसरा गिअर. त्याचे खांदे खाली आले, हातांची पकड सैल झाली. परत आलो तर नाना फाटकात उभे, आणि इक्बालभाई मुंग्या विसरून धावत आले.

"जुळले का आकडे?" विवेकने मला विचारलं.

"मस्त जुळले," मी म्हटलं आणि लॅपटॉप पटकन मिटला. त्याची बॅटरी गल्लीच्या तोंडाशीच संपली होती. तेव्हापासून मी मांडीवर काळी पाटी घेऊन बसले होते.

* * *

त्यानंतर तो रोज थोडं थोडं चालवायला लागला. आणि मागच्या रविवारी सकाळी म्हणाला, "चल, खेड शिवापूरला मिसळ खाऊ." मला वाटलं, नव्या बोगद्याने नेईल. कात्रजला त्याने गाडी जुन्या घाटाकडे वळवली. तो शीळ घालत होता.

चढ सुरू झाला. गाडी अगदी मजेत चढत होती. वरचं ते वळण दिसलं आणि शीळ थांबली. मी दाराची मूठ धरली. विवेकने आरशात पाहिलं, गाडी कडेला घेतली, अगदी त्याच जागेवर, आणि इंजिनचा आवाज थांबला.

सगळं शांत. मी त्याच्याकडे बघितलं, तो समोर बघत होता, हात मांडीवर. हात थरथरत नव्हते.

मागून एक मोटरसायकल आली, हळू झाली आणि शेजारी थांबली. पोरगेल्या चेहऱ्याचा माणूस, मागे बायको, बायकोच्या हातात भाजीची पिशवी.

"काय काका," त्याने वाकून विचारलं, "बंद पडली का?"

विवेकने काच पूर्ण खाली केली.

"नाही हो. बंद केली होती," तो म्हणाला आणि किल्ली फिरवली.