सुमनमावशींचा बेबाकी दाखला

मागच्या वर्षी मार्चच्या शेवटच्या शनिवारी दुपारी सुमन रणपिसे यांच्या अंगावरचं कर्ज संपलं. त्या शिरूरमधल्या एका माध्यमिक शाळेत शिपाई होत्या. वय एकोणसाठ, निवृत्तीला चौदा महिने बाकी. पगारदार सेवकांच्या पतसंस्थेने त्यांना बेबाकी दाखला दिला, म्हणजे कसलंही येणं बाकी नाही असं लिहिलेला एक कागद. तो घेऊन त्या थेट झेरॉक्सच्या दुकानात गेल्या आणि त्याला लॅमिनेशन करून घेतलं. दुकानदार म्हणाला, "मावशी, ह्याला कशाला प्लास्टिक? मार्कशीट हाय का?" मावशी म्हणाल्या, "मार्कशीटच हाय. एकोणीस वर्सांनी पास झाले."

संध्याकाळी त्या माझ्या खोलीच्या दारात आल्या. मी एका दैनिकाचा बातमीदार. आम्ही नऊ वर्षं एकाच चाळीत शेजारी राहत होतो. त्या नऊ वर्षांत त्या माझ्याकडे, किंवा चाळीतल्या कुणाकडेही, कधी बसल्या नव्हत्या. काही द्यायचं-घ्यायचं असेल तर उंबऱ्याबाहेर उभ्या राहून बोलायच्या. चहा विचारला तर म्हणायच्या, "देणेकरी माणूस दुसऱ्याच्या घरात बसला की घरवाल्याला वाटतं, आता काय मागतो कुणास ठाऊक. त्याच्या पोटात गोळा कशाला आणायचा?" त्या शनिवारी त्या आत आल्या, एकुलत्या एक खुर्चीवर बसल्या, पदराने मान पुसली आणि म्हणाल्या, "आता चहा टाका. साखर जरा बरी टाका."

हे कर्ज मुळात त्यांचं नव्हतं. त्यांचे पती त्याच शाळेत शिपाई होते. त्यांच्या मूत्रपिंडाच्या आजारासाठी पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं. ते वारले, आणि अनुकंपा तत्त्वावर मावशींना त्यांच्या जागी नोकरी लागली. पहिल्याच महिन्यात मावशींनी ते कर्ज आपल्या नावावर करून घेतलं. तसं केलं नसतं तर जामीनदारांच्या पगारातून कपात सुरू झाली असती. त्यांतले एक शाळेतले प्रयोगशाळा सहायक होते. पतीला पुण्याच्या दवाखान्यात हलवायचं ठरलं त्या दिवशी त्यांनी स्टँडबाहेर स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून सही केली होती. रणपिसे कुटुंबाशी त्यांची नुसती तोंडओळख होती. पुढे ते निवृत्त झाले आणि वारलेही. मावशी त्यांचं नाव घेताना हात जोडायच्या नाहीत, पण आवाज खाली आणायच्या.

एकोणीस वर्षांत त्या कर्जाचं चार वेळा नवं-जुनं झालं, म्हणजे नवं कर्ज काढून जुनं मिटवलं. एकदा सासूच्या मोडलेल्या खुब्यासाठी, एकदा सासूच्या मातीसाठी, दोनदा नुसता हप्ता झेपेना म्हणून. मूलबाळ नव्हतं. पगाराच्या दिवशी त्या शाळेच्या पाण्याच्या टाकीजवळ उभं राहून पगारपत्रक वरपासून खालपर्यंत वाचायच्या. कपातीच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणायच्या, "आधी त्यांचं, मग आपलं." एकदा कुणा शिक्षकाने चेष्टा केली, "मावशी, दर महिन्याला काय वाचता, आकडा बदलतो का?" त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही दरसाली तेच पुस्तक शिकवता. मी काय म्हणते का?"

त्यांचं माहेर दौंडचं. वडील रेल्वेत होते. धाकटी बहीण एस्तेर अजून तिथेच राहते. तिच्या घरामागे दोन खणांची मोकळी जागा होती आणि ती मावशींच्या नावची होती. पतसंस्थेत मावशींचे भाग, म्हणजे शेअर, आणि सक्तीची ठेव मिळून दोन लाख छत्तीस हजार रुपये जमा होते. निवृत्तीनंतर ते हातात पडले की त्या जागेत एक खोली आणि मोरी बांधायची, हे ठरलेलं होतं. त्या उशिरा नोकरीला लागल्या, म्हणून जुनी पेन्शन त्यांना लागू नव्हती. जे काही होतं ते एवढंच होतं. एस्तेरने विटाही आधीच उतरवून घेतल्या होत्या, भाव वाढतील म्हणून.

पुढच्या रविवारी मावशींनी घरी उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानायची प्रार्थनासभा, ठेवली. पाळकसाहेब आले, चर्चच्या मंडळीतली पंधरा-वीस माणसं आली, शाळेतले सात-आठ जण आले. दोन गीतं झाली, प्रार्थना झाली. पाळकसाहेबांनी देवाच्या कृपेची साक्ष द्यायला सांगितलं. मावशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला बोलता येत न्हाई. मी घंटा वाजवते. देवानं माझी घंटा वाजवली, एवढंच." लोक हसले. मग चाळीच्या गॅलरीत पंगत बसली. मटण पुलाव आणि शिरा. शिजवायला एस्तेर आदल्या दिवशीच दौंडहून आली होती.

हात धुताना शाळेतला कनिष्ठ लिपिक प्रशांत मावशींजवळ आला. वय एकोणतीस. शिक्षणसंस्थेच्या दुसऱ्या शाखेतून बदलून येऊन त्याला वर्ष झालं होतं. कामाला नीटस, बोलायला गोड. त्याच्या हातात प्लास्टिकचं फोल्डर होतं. वडिलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करायची आहे, सहा लाखांचं कर्ज हवं, एक जामीनदार भालेराव सर झाले, दुसरा मिळत नाही, असं त्याने सांगितलं.

"मावशी, सगळ्यांची दोन-दोन जामीनं भरलीत. नियमात बसणारा माणूस शाळेत आता तुम्हीच. परवापर्यंत तुम्हीही बसत नव्हता."

एस्तेर पातेलं घासत होती. तिने मान वर केली. "आज न्हाई बाबा. आज तिचा सण हाय. उद्या ये."

"उद्या मीटिंग हाय आत्या, कर्ज मंजुरीची."

"मग पुढच्या मीटिंगला ये. माझी बहीण काय कुठं पळून चालली?"

मावशींनी तो फॉर्म माझ्याकडे दिला. "वाचा वो. तुमचं रोजचं काम हाय."

मी वाचला. रक्कम, मुदत, कारण, सगळं भरलेलं होतं. दवाखाना कोणता, असं मी प्रशांतला विचारलं. त्याने नाव सांगितलं. ती बातमी असती तर मी दवाखान्यात फोन करून खात्री केली असती. ती बातमी नव्हती. मी मावशींना एवढंच म्हणालो की सही करायलाच पाहिजे असं काही नाही.

"व्हय, न्हाईच," मावशी म्हणाल्या. "तवा त्या सरांनी तरी कुठं करायला पाहिजे व्हती? स्कूटर चालू व्हती त्यांची. किक मारून गेले असते तर मी काय केलं असतं? पैशाचं देणं फिटलं. त्या सहीचं कुठं भरायचं? त्याची काय सोसायटी पावती देत न्हाई."

एस्तेर म्हणाली, "तू मोकळी झालीस ती सात दिवस तरी मोकळी ऱ्हा."

"सात दिवस झाले की. आज रविवार न्हाई का?" मावशी म्हणाल्या आणि ओला हात पदराला पुसून सही केली. त्या पूर्ण नाव लिहीत, प्रत्येक अक्षर सुटं. सुमन शांतवन रणपिसे. प्रशांतने वाकून पायाला हात लावला. एस्तेरने त्याला शिऱ्याचा डबा बांधून दिला, "वडलांना दे" म्हणून.

प्रशांतने चार हप्ते भरले. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो शाळेत आला नाही. तिसऱ्या आठवड्यात त्याचा राजीनामा पोस्टाने आला. फोन बंद होता. शेअरच्या व्यवहारात आणि मोबाइलवरच्या झटपट कर्जांत तो अडकला होता, असं शाळेत बोललं जात होतं. त्याला कुणाकडून दुजोरा मिळाला नाही. पतसंस्थेने दोन नोटिसा काढल्या. त्याच्या भाड्याच्या खोलीवरून दोन्ही परत आल्या.

ऑक्टोबरमध्ये एका रविवारी मी मावशींना मोटरसायकलवरून न्हावऱ्याला नेलं. प्रशांतचं घर तिथे होतं. वाटेत त्या एकदाच बोलल्या. "भांडायचं न्हाई. नुसतं विचारायचं, बाबा, तुझं काय ठरलंय." गावात विचारत गेलो. वस्तीवर दोन गाई, पत्र्याची पडवी, ओट्यावर कांदा पसरलेला. प्रशांतची आई बाहेर आली. मावशींनी शाळेचं नाव सांगितल्यावर तिने घाईने वाकळ अंथरली.

"तुम्हीच का रणपिसे मावशी? परशा लई सांगायचा. आमच्या शाळंत एक मावशी हायती म्हणायचा, घंटा बी हळू वाजवत्यात. बसा, बसा. चहा ठेवते."

मावशी बसल्या. समोरच्या भिंतीवर एका वयस्कर माणसाचा फोटो होता. त्याला चंदनाच्या सालीचा हार होता आणि हारावर धूळ बसली होती. आई आतून बोलत होती. "हे असते तर म्हशी बी ठेवल्या असत्या. तीन वर्सं झाली जाऊन. एका रात्रीत. दवाखान्यात न्यायला बी टाइम दिला न्हाई."

मावशी फोटोकडे बघत राहिल्या. मी काही बोलणार होतो. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

चहा आला. आई म्हणाली, "परशा ट्रेनिंगला गेलाय, नगरला का कुठं. दीड महिना झाला, फोन लागत न्हाई. तिकडं रेंज नसती म्हणं. तुमच्याशी बोलला तर सांगा, आय वाट बघती. पैशे न्हाई पाठवले तरी चालंल, पण बोल म्हणावं."

"सांगते," मावशी म्हणाल्या.

निघताना आईने गोणपाटाच्या पिशवीत पाच-सहा किलो कांदा घातला. मावशी नको म्हणाल्या, आईने ऐकलं नाही. शिरूरच्या रस्त्याला लागल्यावर मी विचारलं, विषय का काढला नाही. मग मागून आवाज आला, "कुणापाशी काढू? ती माऊली माझ्यापाशीच पोरगा मागत व्हती."

नोव्हेंबरमध्ये पतसंस्थेच्या व्यवस्थापकांनी मावशींना बोलावलं. सोबत मी होतो. व्यवस्थापक सभ्य माणूस होता. त्याने फाइल उघडून सही दाखवली. सही मावशींची होती, त्याबद्दल वाद नव्हता. डिसेंबरपासून दरमहा पंधरा हजार कापावे लागतील, तो म्हणाला.

"आन् भालेराव सर?"

"त्यांच्या पगारात कापायला जागा नाही, मावशी. त्यांचं स्वतःचं घरकर्ज आहे, विमा आहे, या जामिनानंतर काढलेलं संस्थेचं कर्ज आहे. हातात एक तृतीयांश तरी ठेवावं लागतं. तुमचं पत्रक कोरं आहे."

"कोरं हाय कारण मी फेडलं."

"हो."

"म्हंजी मी अजून एक कर्ज काढून बसले असते, तर तुम्हाला माझं कापता आलं नसतं."

"असं म्हणता येत नाही."

"पण व्हय ना?"

व्यवस्थापकाने पेनचं टोपण लावलं. "हो," तो म्हणाला. मग त्याने चहा मागवला. मावशींनी तो घेतला नाही.

त्यानंतर जे करता येण्यासारखं होतं ते केलं. शिरूरच्या एका वकिलांनी कागद पाहिले आणि फी घेतली नाही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, असं त्यांनी सांगितलं. पोलिसांनी अर्ज घेतला. अर्जदार मावशी नव्हेत, पतसंस्था हवी, असं म्हणाले. पतसंस्थेने अर्ज दिला नाही, कारण वसुली सुरू होती. मुख्याध्यापकांनी शिक्षकांकडून वर्गणी काढायचं सुचवलं. मावशींनी ते मोडून काढलं. "उद्या ते लोक माझ्या दारात उभं ऱ्हायला लाजतील, पैसे मागायला आले वाटंल म्हणून. ऱ्हाऊ द्या."

एस्तेर डिसेंबरात आली तेव्हा चाळीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलली. "मी सांगत व्हते तवा ऐकलं न्हाईस. आता काय, जेलात जाऊन बसशील त्याच्यासाठी?" मावशी तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "ओरड बाई. तू तरी ओरड. बाकी कुणी ओरडलं बी न्हाई." पुढच्या फेरीत एस्तेरने सांगितलं की विटा विकून टाकल्या.

डिसेंबर ते मे असे सहा महिने पंधरा-पंधरा हजार कापले गेले. पगारपत्रक वाचायची त्यांची सवय गेली नाही, बोट मात्र आता रकान्यावर ठेवत नसत. मेअखेर शाळेला सुट्टी असते, म्हणून निरोपसमारंभ एप्रिलमध्येच झाला. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. भालेराव सर भाषणाला उभे राहिले आणि दोन वाक्यांनंतर खाली बसले. मावशी त्यांच्याजवळ गेल्या, म्हणाल्या, "सर, तुम्ही काय मुद्दाम केलं का? जेवून घ्या."

३१ मे रोजी सुमन रणपिसे निवृत्त झाल्या. जूनमध्ये पतसंस्थेचं पत्र आलं. भाग आणि ठेव मिळून दोन लाख छत्तीस हजार रुपये जामीन कर्जाच्या खात्यात वर्ग करण्यात आले होते. त्याच आठवड्यात त्यांनी चाळीतली खोली सोडली. सामान एका टेम्पोत मावलं, टेम्पोही अर्धा रिकामा होता.

त्या आता दौंडला बहिणीकडे राहतात. एका बालवाडीत मदतनीस आहेत. पगार आठ हजार. घरामागची जागा तशीच आहे. जुलैमध्ये त्या एसटीने शिरूरला आल्या, पतसंस्थेत गेल्या आणि दोन हजार रुपये भरून दुपारच्या गाडीने परत गेल्या. पावतीवर कर्जदार म्हणून प्रशांतचं नाव आहे, भरणा करणाऱ्याच्या जागी त्यांची सुट्या अक्षरांतली सही. खाली शिल्लक लिहिली आहे, तीन लाख चार हजार रुपये. त्या रकमेवरचं एका महिन्याचं व्याज दोन हजार सातशे शहाऐंशी रुपये होतं.